सातव्या खांबासमोर

मानवाने मृत्यूवर मिळवलेला पहिला निर्णायक विजय आमच्या सारी-बेल घाटात, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी ठीक अकरा वाजता नोंदवला गेला. निदान निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलं होतं. प्रत्यक्षात जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. ते आणायला ट्रॅक्टर गेला आणि मृत्यूला दुपारी पावणेदोनपर्यंत ताटकळत बसावं लागलं. त्याची तशी काही तक्रार नव्हती. आमच्या घाटात थांबायची त्याला सवय आहे.

विजय मिळवून देणाऱ्या यंत्रणेचं नाव बुर्कुत, म्हणजे गरुड. घाटभर अकरा खांब, प्रत्येक खांबावर एक डोळा. रस्त्यावर गाडी उलटली, माणसं गोळा झाली, कुणी निपचित पडलं, की डोळ्याला ते दोन सेकंदांत कळणार. कुणी फोन करायला नको, कुणी धावायला नको. तालुक्याच्या गावी एका खोलीत लाल दिवा लागणार आणि अँब्युलन्समध्ये बसवलेल्या स्क्रीनवर घड्याळ सुरू होणार. अँब्युलन्सची चाकं जागेवर पोचली की घड्याळ आपोआप थांबणार. ही सगळी माहिती आमच्या अकीमसाहेबांनी दिली. अकीम म्हणजे तालुक्याचा धनी. माहिती देताना ते कागदाकडे न बघता बोलत होते, त्यामुळे ती खरी असावी असं सगळ्यांना वाटलं.

प्रात्यक्षिकासाठी एक भंगारातली मोटार चौघांनी ढकलून रस्त्याकडेला उलटी केली होती. शेजारी अपघातग्रस्त निजवला होता: जुना कोट, जुनी विजार, आत गच्च वाळलेलं गवत, तोंडावर टोपी. डिझेल येईपर्यंत गाढवाने अपघातग्रस्ताचा डावा पाय मांडीपर्यंत खाल्ला. त्यामुळे प्रात्यक्षिकाला एक प्रकारचा खरेपणा आला.

पावणेदोनला डोळा उघडला, भोंगा वाजला, आणि पन्नासाव्या सेकंदाला अँब्युलन्स हजर. ती समोरच्या तंबूमागे उभी होती. तिथे मटण शिजत होतं.

"पन्नास सेकंद," अकीमसाहेब म्हणाले. "युरोपात सुद्धा एवढ्यात माणूस चष्मा शोधत असतो."

मग मला पुढे बोलावलं. माझी ह्या सगळ्यातली भूमिका एवढीच, की मला दाढी आहे आणि ती पांढरी आहे. दाढी पांढरी झाली की माणूस आमच्याकडे अक्साकाल होतो आणि त्याला दुवा द्यावी लागते. बारसं असो, दफन असो, नवा ट्रॅक्टर असो. मी ओंजळ उघडली, जमलेल्या सगळ्यांनी उघडली. रस्ता सुखाचा असो, गरुडाच्या डोळ्यात मोतीबिंदू न होवो, असं काहीसं मी म्हणालो. ओमीन. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि मटणाकडे वळले.

ती अँब्युलन्स सालकिन एजेची. म्हणजे सरकारची, पण एकवीस वर्षं सालकिनच्या ताब्यातली. घाटाच्या मध्यावर, जिथे आमचं गाव रस्त्याला चिकटलंय, तिथे आरोग्य चौकी आहे. एक खोली, एक कपाट, मागे संडास. सालकिन सगळ्या घाटाची एजे, म्हणजे थोरली ताई, आणि तिथली फेल्दशर. फेल्दशर म्हणजे डॉक्टरपेक्षा एक बोट खाली आणि नर्सपेक्षा एक हात वर. हिवाळ्यात डॉक्टर वर येत नाहीत, तेव्हा दोन्ही हात तीच. आणि ड्रायव्हर बेइशेनकुल, अठ्ठावन्न वर्षांचा, तोंडाने फाटका, हाताने सुतार. चौकीतलं टेबल त्याने केलेलं, गाडीतलं स्ट्रेचर दोनदा त्यानेच दुरुस्त केलेलं, संडासाचं निळं दारही त्याचंच. त्याच्या सीटखाली चहाचा थर्मास असायचा. दरीतून वर काढलेल्या माणसाला सालकिन सुई टोचायची, त्याआधी बेइशेनकुल त्याच्या तोंडाला कप लावायचा आणि विचारायचा, "साखर चालते ना?" माणूस उत्तर द्यायला लागला की अर्धा वाचला, असं त्याचं शास्त्र होतं.

सातवा खांब नेमका चौकीसमोर आला. त्याचं एक कारण होतं. चौकीशेजारी पिराचा झरा आहे. घाट चढणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते, माणसं उतरतात, ओंजळभर पाणी पितात, दुवा करतात आणि पुढे जातात. जो ड्रायव्हर थांबत नाही, त्याच्या गाडीतले प्रवासी पुढच्या वळणावर उतरून घेतात. वर्दळीची जागा म्हणून खांब तिथे. त्याचा डोळा झरा बघायचा, रस्ता बघायचा, आणि उरलेल्या कोपऱ्यातून संडासाचं दार बघायचा.

"ह्याचं तोंड जरा फिरवा," सालकिनने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"फिरवू नका," बेइशेनकुल म्हणाला. "एजे आत फार वेळ बसली तर दोन सेकंदांत कळेल. मदत पाठवता येईल."

जेवणानंतर, टूथपिक तोंडात धरून, अकीमसाहेबांनी सालकिनला खरी बातमी दिली. जुलैअखेरपर्यंत चाचणी. पोचायचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांच्या आत आला, तर यंत्रणा यशस्वी. आणि यंत्रणा यशस्वी, तर अँब्युलन्स बासष्ट किलोमीटर खाली, तालुक्याच्या गावी. तिथून ती तीन घाट सांभाळेल.

सालकिन हातातली ताटली पुसत होती, ती पुसतच राहिली. "साहेब, गाडी लवकर पोचते, कारण ती इथे उभी आहे."

"तेच म्हणतोय मी, एजे. लवकर पोचते हे एकदा सिद्ध झालं, की मग इथे उभं राहायची गरज काय?"

हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याचदा उलटंपालटं करून बघितलंय. त्यात कुठेही फट नाही.

साहेबांच्या गाड्या गेल्यावर आम्ही तिघे चौकीच्या पायरीवर बसलो.

"सोपं आहे," बेइशेनकुल म्हणाला. "हळू चालवायची. मी म्हातारा झालो, गाडी म्हातारी झाली. पंधराच्या जागी पंचवीस मिनिटं लागली, तर कोण काय म्हणेल?"

"जो वर रक्त गाळत पडला असेल तो म्हणेल."

"तो काय म्हणणार, एजे, तो तर..."

"बेइशेनकुल."

"बरं. जोरात चालवतो. जोरात चालवून गाडी घालवतो."

आणि त्याने खरंच जोरात चालवली. चाचणीच्या तीन महिन्यांत वर चार अपघात झाले. दोन ट्रक, एक मोटारसायकल, एक घोडा आणि जीप यांची समोरासमोर. गाडी चारही ठिकाणी पोचली, दहाव्या खांबाला अठरा मिनिटांत, नवव्याला चौदा. माणसं तीन वाचली, घोडा वाचला नाही. हे चार आकडे तेवढेच असते, तर सरासरी पंधराच्या आसपास लटकत राहिली असती आणि भांडायला जागा होती.

पण बुर्कुतला दुवा माहीत नव्हती.

त्याचं बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? गाडी रस्त्याच्या मध्येच थांबते. माणसं घाईघाईने उतरतात. एका जागी गोळा होतात. स्तब्ध उभी राहतात. सगळ्यांचे हात तोंडावर. कुठल्याही समंजस माणसाला वाटेल की इथे काहीतरी भयंकर घडलंय. पहिल्याच दिवशी झऱ्याजवळ एका व्हॅनमधली अकरा माणसं दुवा करायला उभी राहिली आणि बुर्कुतने खाली कळवलं: सामूहिक दुर्घटना, अकरा बाधित. बेइशेनकुलने गाडी सुरू केली, भोंगा लावला आणि चाळीस पावलं चालवून झऱ्याशी उभी केली. चाकं पोचल्याशिवाय घड्याळ थांबत नव्हतं. न थांबवलं, तर खालून फोन. वेळ: पंचेचाळीस सेकंद.

मग हे दिवसातून तीस वेळा व्हायला लागलं. माणूस डोळे मिटून पिराचं नाव घेतोय आणि पाठीत भोंगा. एका म्हातारीची शुद्ध हरपली, तेव्हा त्या दिवशीची पहिली खरी रुग्ण मिळाली. आमच्या तुर्सुनचं दफन झालं, सगळा गाव झऱ्याशी हात उघडून उभा, आणि बेइशेनकुल मान खाली घालून भोंगा वाजवत मधून आला, कारण स्क्रीनवर सत्तर बाधित दिसत होते. तुर्सुनची विधवा त्याला म्हणाली, "आता आलास होय? काल यायचं होतंस."

प्रत्येक वेळी पंचेचाळीस सेकंद. सालकिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहीत होती. जूनच्या मध्याला सरासरी एका मिनिटाच्या आत आली.

"अक्साकाल, अर्ज लिहा," ती म्हणाली. "दुवेला अपघात धरू नका म्हणावं. दुवा वगळल्या की खरी सरासरी दिसेल. मग गाडी नेऊन दाखवा म्हणावं."

मी अर्ज लिहिला. जरा चांगलाच लिहिला. श्रद्धेचा अपमान, पूर्वजांची शांतता, भोंग्याचा आवाज. खाली एक्केचाळीस दाढ्यांच्या सह्या. असा अर्ज वर गेला की घाबरतात. दुसऱ्याच आठवड्यात राजधानीतून एक इंजिनिअर मुलगी आली. आयजारकिन तिचं नाव, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर लॅपटॉप, पायात शहरी बूट. ते संध्याकाळपर्यंत चिखलात गेले. मुलगी प्रामाणिक होती. तिने आधी ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "चूक आमची आहे. त्याला दुवा शिकवावी लागेल. कोण देतं इथे दुवा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दोन दिवस मी सातव्या खांबासमोर उभं राहून दुवा दिली. एकट्याने, दहा जणांबरोबर, टोपी घालून, टोपी काढून, बसून, उभा राहून, सकाळच्या उन्हात, ढग आल्यावर. एकूण चाळीस वेळा. पिराने इतक्या वेळा माझं तोंड आयुष्यात बघितलं नसेल. बेइशेनकुल पायरीवर बसून सूचना देत होता. "अक्साकाल, जरा मनापासून. यंत्राला कळतं."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आयजारकिनने विचारलं, "म्हणजे आता हात चेहऱ्यावरून फिरले की तो अपघात धरणार नाही. पण एक शंका आहे, अक्साकाल. खरा अपघात झाला, तर त्याच्याभोवती माणसं दुवा करतात का?"

मी हसलो. ते हसणं मला आजही स्वच्छ ऐकू येतं. "पोरी," मी म्हणालो, "अपघात झाल्यावर दुवा करायला वेळ कुणाला असतो? माणूस धावतो."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

भोंगे बंद झाले. पण मागचे आकडे कायम राहिले. सालकिनने खाली फोन करून विचारलं, तर उत्तर आलं की नोंद झालेला आकडा बदलणं हा गुन्हा आहे. जुलैअखेर सरासरी निघाली: एकोणपन्नास सेकंद. एक ऑगस्टला गाडी न्यायला एक नवा ड्रायव्हर आला. त्याला स्क्रीनचं प्रशिक्षण झालेलं होतं. बेइशेनकुलने त्याला किल्ली दिली आणि सांगितलं, "तिसरा गिअर जरा लवकर टाक. उशीर केलास की चढावर तिचा दम जातो." पोरगा बरं म्हणाला. गाडीबरोबर स्ट्रेचर गेलं, ऑक्सिजन गेला, घोंगड्या गेल्या. थर्माससुद्धा गेला, कारण तो यादीत 'द्रव साठवण, एक नग' म्हणून होता.

बेइशेनकुल मोकळा झाला. गाडी जिथे उभी राहायची, त्याच जागी त्याने एक टेबल मांडलं आणि झऱ्यावर थांबणाऱ्यांना घोडीचं आंबवलेलं दूध आणि वाळलेल्या दह्याच्या गोळ्या विकायला बसला.

"दुसरी जागा नाही का मिळत तुला?" मी विचारलं. "वळणावर बसलायस."

"एकवीस वर्षं इथेच उभा राहिलोय, अक्साकाल. आता घरात बसलो, तर बायको म्हणते भिंतीशी समांतर बस, झाडायचंय."

सप्टेंबरातला गुरुवार होता. सकाळचे साडेदहा. झऱ्यावर दोन व्हॅन थांबलेल्या, माणसं पाण्याला उतरलेली. वरून एक मोटार आली. अकरा किलोमीटर उतारभर ब्रेक दाबून दाबून तिच्या ब्रेकचा कोळसा झाला होता. वळणावर चालवणाऱ्याला व्हॅन दिसल्या, त्याने चाक फिरवलं आणि मोटार टेबलावरून, मग बेइशेनकुलवरून, मग चौकीच्या कुंपणावर. चालवणारा उतरला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी चौकीत सालकिनला माझं ब्लडप्रेशर दाखवत होतो. आम्ही बाहेर आलो. सालकिन धावली. मी चाललो. मांडीतून रक्त येत होतं, दुधात मिसळून वाहत होतं. तिने स्वतःचा पट्टा काढून मांडीला आवळला, त्यावर गुडघा रोवला आणि फोन खांद्याला लावला. माणसं भोवती गोळा झाली, वीस-पंचवीस असतील. बेइशेनकुल शुद्धीवर होता. त्याला मी दिसलो.

"अक्साकाल," तो म्हणाला, "नुसतं बघताय काय? गाडी तर गेलीये. निदान दुवा तरी द्या."

असं मागितल्यावर कुणी नाही म्हणत नाही. मी हात उघडले. भोवतीच्या सगळ्यांनी उघडले, त्या मोटार चालवणाऱ्याने सुद्धा. मी आयुष्यातली सर्वांत चांगली दुवा दिली, आणि सर्वांत लांब. ओमीन म्हणालो. पंचवीस माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. सातवा खांब बघत होता.

सालकिनचं फोनवरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण बाकी कुणीच बोलत नव्हतं. फोनमधला आवाज दोन पावलांवर ऐकू येत होता.

"एजे, सातव्या खांबावर अपघात नाहीये," खालच्या खोलीतली बाई म्हणाली.

"मी त्याच्या मांडीवर गुडघा ठेवून बसलेय, बाई."

"स्क्रीनवर दुवा दिसतेय. पंचवीस माणसं, दुवा. अठ्ठ्याण्णव टक्के खात्री."

"मग उरलेल्या दोन टक्क्यांसाठी पाठव."

"लाल लागल्याशिवाय मला गाडी सोडता येत नाही हो. फोनवरून सोडली तर कारण लिहावं लागतं."

"लिही कारण. बेइशेनकुल."

मग तोच आवाज, पण खालच्या पट्टीत. "ड्रायव्हर बाइके? आपले दादा? त्यांनीच तर माझ्या आईला... थांबा, मी साहेबांना विचारते." मग एक गाणं लागलं, वाट बघताना लावतात तसं. सालकिनने ते ऐकलं. गुडघा हलवला नाही. गाणं संपून पुन्हा सुरू झालं, तेव्हा बाई परत आली. "एजे, साहेब हो म्हणाले, पण गाडी मोकळी नाहीये. दुसऱ्या कामावर गेलीये."

"कुठे?"

"ते सांगता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त असते."

सालकिनने फोन रस्त्यावर ठेवला. "ट्रक थांबवा," ती म्हणाली. "आणि आडवं न्यायला काहीतरी आणा. स्ट्रेचर नाहीये."

कोळशाचा एक भरलेला ट्रक खाली निघाला होता, तो थांबला. आडवं न्यायला फळी कुठेच नव्हती. टेबलाचे तुकडे झाले होते. मग दोघांनी जाऊन संडासाचं दार बिजागऱ्यांसकट उपसलं. बेइशेनकुलने त्याच्याकडे बघून घेतलं. "वरची बिजागरी जपून काढा रे," तो म्हणाला. "तशी आता मिळत नाही."

कोळशावर दार, दारावर बेइशेनकुल, एका बाजूला सालकिन, दुसऱ्या बाजूला मी. मला कशाला घेतलं, माहीत नाही. बहुधा दाढीमुळे. ट्रकवाला मुसाबेक नावाचा माणूस, त्याने जमेल तेवढा हळू आणि जमेल तेवढा जोरात नेला. कोण काय करतोय, ते मला दिसत होतं. सालकिन एका हाताने पट्टा धरून होती, दुसऱ्या हाताने कोळशाचे खडे बाजूला सारत होती, त्याला टोचू नयेत म्हणून.

पंचविसाव्या किलोमीटरला समोरून भोंगा ऐकू आला. आमची गाडी. वर येत होती. मुसाबेकने दिवे उघडझाप केले, हॉर्न दाबून धरला, हात बाहेर काढून हलवला. गाडीतल्या नव्या पोराने आम्हाला ओळखल्यासारखा हात केला, वाट दिली म्हणून आभार मानले आणि शेजारून निघून गेला. त्याच्या स्क्रीनवर घड्याळ चालू होतं. दहाव्या खांबाला एका ट्रकचं चाक बदलत होते, चार माणसं वाकून उभी होती, हात चेहऱ्याला लागत नव्हते. बुर्कुतला शंका उरली नव्हती. दहाव्या खांबाला जाताना गाडी चौकीच्या दारावरूनच जाणार होती. आम्ही तिथेच थांबलो असतो, तर... पण तशी माहिती गुप्त असते.

ट्रकच्या बाजूच्या फळ्यांतून बेइशेनकुलला काही दिसलं नाही. पण त्याने डोळे उघडले. आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिला.

"तिसरा उशिरा टाकतोय," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. पॉपलरच्या रांगा लागतात, तिथे सालकिनने पट्टा सोडला. तालुक्याचं गाव अजून वीस किलोमीटर होतं. मुसाबेकला आम्ही सांगितलं नाही. तो शेवटपर्यंत जोरात नेत राहिला.

ह्या अपघाताची नोंद शोधायला मी पुढे बरेच हेलपाटे घातले. ती नाही. त्या गुरुवारी सारी-बेल घाटात अपघात शून्य, दुवा चौतीस. मृत्यू घाटात झालेलाच नाही. तो झाला पॉपलरच्या रांगेत, मालवाहू ट्रकमध्ये, म्हणून तो 'मालवाहू वाहनातून प्रवास करताना' ह्या सदरात गेला. मालवाहू वाहनातून माणूस नेल्याबद्दल मुसाबेकचं लायसन्स तीन महिने जप्त झालं. मोटार चालवणाऱ्याचं काय झालं म्हणता? तो साक्षीदार होता, पण ज्या अपघाताची नोंद नाही त्याला साक्षीदार लागत नाही. तो मात्र चाळिसाव्या दिवशीच्या विधीला एक मेंढा घेऊन आला. बेइशेनकुलच्या बायकोने मेंढा ठेवून घेतला आणि त्याला चहा दिला. साखर चालते का, असं तिने विचारलं नाही.

आयजारकिनचा एकदा फोन आला. तिने सातव्या खांबाचं चित्रण बघितलं होतं.

"अक्साकाल," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात..."

"मी म्हणालो, माणूस धावतो."

मग मीच तिची समजूत काढली. म्हणालो, तुझं यंत्र कुठे चुकलं? ती दुवाच होती. चाळीस वेळा शिकवली होती, एक्केचाळिसाव्यांदा त्याने बरोबर ओळखली. गाव मला ह्याबद्दल काही बोलत नाही. बारशाला बोलावतात, ट्रॅक्टरला बोलावतात. फक्त झऱ्यावर हल्ली लोक दुवा जरा घाईत उरकतात आणि हात फिरवायच्या आधी खांबाकडे एकदा बघून घेतात.

ऑक्टोबरात राज्यातल्या सर्वोत्कृष्ट घाटाचं पारितोषिक आम्हाला मिळालं. एकोणपन्नास सेकंद. काचेची एक ढाल आणि अकीमसाहेबांना एक भरजरी झगा. समारंभ झऱ्यासमोर, सातव्या खांबाखाली. ह्या वेळी जनरेटरमध्ये डिझेल होतं. मला दुवेला बोलावलं, मी दिली. लहान दिली.

साहेब खूश होते. झगा अंगावर चांगला बसला होता. त्यांनी सालकिनला पुढे बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "ही आमची सालकिन एजे. एकवीस वर्षं सेवा. एजे, आज काहीतरी माग. काय हवं ते माग, सगळ्यांसमोर सांगतो, नाही म्हणणार नाही."

सालकिनच्या कोटाच्या खिशात मी लिहिलेला अर्ज होता. चार पानी, गाडी परत मिळावी म्हणून, एकशे सहा सह्यांचा. दुवेवाल्या अर्जापेक्षाही चांगला लिहिला होता. बेइशेनकुलची बायको पहिल्या रांगेत होती. सालकिनचा हात खिशाकडे गेला.

"गाडी सोडून हं," साहेब हसत म्हणाले. "गाडी आता मंत्रालयाच्या यादीत आहे. तिथे माझं पण चालत नाही."

सालकिनचा हात खिशाशीच थांबला. तिने एकदा वर, खांबाकडे बघितलं. मग चौकीमागे बघितलं, जिथे आडोशाला घोंगडी टांगली होती आणि वाऱ्याने ती सारखी उडत होती.

"मग साहेब, तेवढं आमच्या संडासाचं दार पाठवा," ती म्हणाली. "इस्पितळाच्या कोळशाच्या खोलीमागे पडलंय, निळं आहे. कुणी वर येत असेल त्याच्याबरोबर दिलं तरी चालेल. आणि वरची बिजागरी तेवढी बघून घ्यायला सांगा."